रिम ब्रेकवर घाट उतरताना: कोल्हापूरच्या रोडबाइकवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातून कोकणात उतरायचं तर घाट चुकत नाही. गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा, दाजीपूरवरून फोंडा, मलकापूरवरून आंबा नाहीतर अणुस्कुरा, आजऱ्यावरून आंबोली. चढाची तयारी सगळेच करतात. उताराचे प्रश्न मात्र निघायच्या आदल्या रात्री येतात, आणि तेव्हा पॅड बदलायला दुकान उघडं नसतं. म्हणून सारखे येणारे प्रश्न उत्तरांसह इथे एकत्र केले आहेत. निदान आठवडाभर आधी वाचा.

१. माझ्या सायकलला रिम ब्रेक आहे की नाही, कसं ओळखायचं?

ब्रेकचे रबर (पॅड) चाकाच्या कडेला, म्हणजे थेट रिमवर घासत असतील तर तो रिम ब्रेक. चाकाच्या मध्यभागी, हबजवळ पातळ पोलादी चकती असेल तर डिस्क. रोडबाइकवर बहुतेक वेळा दोन पिव्हटचा कॅलिपर, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी पकडणारा चिमटा, असतो. हायब्रिड आणि जुन्या एमटीबीवर (माउंटन बाइकवर) व्ही-ब्रेक दिसतो, काही टूरिंग सायकलींवर कँटिलिव्हर. खाली मुख्यतः कॅलिपरबद्दल लिहिलं आहे, पण उष्णता, पाऊस आणि झीज यांची उत्तरं तिन्ही प्रकारांना लागू आहेत. एक सावधगिरी मात्र घ्या: व्ही-ब्रेकला केबल जास्त ओढणारा लिव्हर लागतो. रोडबाइकच्या साध्या लिव्हरला पूर्ण लांबीचा व्ही-ब्रेक जोडला, तर पॅड रिमपर्यंत नीट पोहोचत नाहीत.

२. दादा, खरं सांगा, रिम ब्रेकवर करूळ घाट उतरणं सुरक्षित आहे का? की डिस्कची सायकल घ्यावीच लागेल?

ॲल्युमिनियमची रिम, चांगले पॅड, कोरडा रस्ता आणि ब्रेक कसा वापरायचा ते माहीत असलेला माणूस, एवढं जमलं तर नक्की सुरक्षित आहे. यूसीआयने (सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) रोड रेसमध्ये डिस्क ब्रेकला कायमची परवानगी दिली ती २०१८ मध्ये. त्याआधी कित्येक दशकं आल्प्स आणि पिरेनीजमधले उतार शर्यतीच्या वेगात रिम ब्रेकवरच उतरले गेले, आणि ते उतार आपल्या घाटांपेक्षा बरेच लांब आहेत.

डिस्क सरस कुठे आहे, तेही सरळ सांगतो. भर पावसात, जड सामानासोबत, कार्बन रिमवर, आणि ज्यांच्या हाताची पकड कमजोर आहे त्यांच्यासाठी. पावसाळ्यातही, अगदी सप्टेंबरपर्यंत दर रविवारी गगनबावड्याकडे जाणारे असाल तर पुढची सायकल डिस्कची घ्या, असंच मी सांगेन. पण हातात असलेली चांगली सायकल केवळ घाटाच्या भीतीने विकू नका. उतारावर अडचणीत येणाऱ्यांच्या सायकली पाहिल्या, तर बहुतेकांत ब्रेकच्या प्रकाराचा दोष नसतो. झिजलेले पॅड, सैल केबल आणि पूर्ण घाटभर दाबून धरलेला लिव्हर हीच कारणं सापडतात.

३. ब्रेक “तापतो” म्हणजे नेमकं काय होतं?

चढताना पायांनी जी ऊर्जा घातली, ती उतरताना कुठेतरी जायलाच हवी. काही हवेच्या विरोधात जाते, थोडी टायरमध्ये, आणि उरलेली सगळी उष्णता होऊन रिममध्ये शिरते. पन्हाळा कोल्हापूर शहरापेक्षा साधारण ४०० मीटर उंच आहे. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरले तर तेवढ्या उतरणीत ३३० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा मोकळी होते. लिटरभर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत नेता येईल, एवढी ती आहे. यातला किती भाग ब्रेकमध्ये जाणार, हे तुम्ही कसे उतरता यावर ठरतं.

तापल्यावर तीन गोष्टी होतात. पॅडचं रबर मऊ पडतं आणि त्याचा वरचा थर चकचकीत होतो, त्यामुळे त्याच पकडीला ब्रेक कमी लागतो. रिममधून उष्णता ट्यूबकडे जाते (प्रश्न १४). आणि रिम कार्बनची असेल तर खुद्द रिमलाच धोका असतो (प्रश्न १५).

४. मी घाबरतो, म्हणून पूर्ण घाट ब्रेक धरून बेताच्या वेगाने उतरतो. हे जास्त सुरक्षित नाही का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि यावरच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

८५ किलो वजन आणि ६ टक्के उतार धरू. हूडवर (लिव्हरच्या वरच्या रबरी भागावर) हात ठेवून बसलेल्या मध्यम अंगाच्या माणसाला हवेचा विरोध किती होतो, त्याचा अंदाज घेऊन हिशेब केला. ताशी १५ किलोमीटरचा वेग टिकवायचा असेल तर ब्रेकला सतत सुमारे १७५ वॅट उष्णता पचवावी लागते. ताशी ३० ला ती २६५ वॅटपर्यंत जाते. ताशी ४५ ला पुन्हा १८० वर येते, कारण आता हवाच मोठं काम करते. आणि ताशी ५४ च्या आसपास हवा एवढी अडवते की ब्रेक न लावताही वेग वाढत नाही. उतार बदलला की आकडे बदलतील, पण त्यांचा कल हाच राहील.

म्हणजे “बेताचा वेग” हाच ब्रेकसाठी सगळ्यात वाईट वेग आहे. फार हळू गेलात तर प्रत्येक सेकंदाला कमी उष्णता तयार होते. वेगात गेलात तर हवा मदत करते आणि रिमही गार होते. मधल्या वेगात सतत ब्रेक धरला की दोन्ही फायदे जातात.

याचा अर्थ ताशी ५० ने उतरा, असा अजिबात नाही. आपले घाट वळणांचे आहेत, समोरून ट्रक येतात, आणि वळणापलीकडे म्हैस उभी आहे की खडी सांडली आहे ते दिसत नाही. जिथे रस्ता सरळ आणि लांबवर मोकळा दिसतो तिथे ब्रेक पूर्ण सोडा, वेग थोडा वाढू द्या, अंग सरळ करून छातीवर वारा घ्या. मग वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग पुरेसा खाली आणा, आणि पुन्हा सोडा. सरासरी वेग तोच ठेवलात तर एकूण उष्णतेत मोठा फरक पडत नाही, हे मान्य. पण मधल्या मोकळ्या पट्ट्यात हवा आपला वाटा उचलते, रिम गार व्हायला वेळ मिळतो आणि बोटांना विसावा मिळतो. चौथा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. दर वळणाआधी ब्रेक नव्याने दाबल्यामुळे तो अजून तसाच लागतोय ना, हे तुम्हाला कळत राहतं. सतत धरून बसलेल्याला पकड हळूहळू कमी होत गेलेली उशिरा समजते.

वेग वाढू देण्याची खरंच भीती वाटत असेल तर दुसरं टोक गाठा: ताशी १२ ते १५ ने, डाव्या कडेने, मधे मधे थांबत उतरा. ताशी ३० वर ब्रेक घासत जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं. त्यात कमीपणा मानू नका.

५. वळणात ब्रेक लावायचा की वळणाआधी?

वळणाआधी. सायकल सरळ उभी असताना टायरची सगळी पकड ब्रेकसाठी मिळते. सायकल कलली की तीच पकड वळायलाही लागते, आणि दोन्ही कामं एकदम मागितली की टायर घसरतो. करूळ किंवा आंबोलीतल्या अरुंद उलट्या वळणांवर आत शिरण्याआधीच वेग पूर्ण उतरवा. आत शिरल्यावर वेग जास्त वाटलाच तर मागचा ब्रेक अगदी हलका लावा, किंवा जागा असेल तर सायकल क्षणभर सरळ करून दोन्ही दाबा. नजर जिथून बाहेर पडायचं तिकडे असू द्या.

६. पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो म्हणतात. मी फक्त मागचाच वापरतो, चालेल ना?

चालणार नाही. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. म्हणून एकट्या मागच्या ब्रेकची ताकद मर्यादित असते, त्यापुढे चाक फक्त घसरतं. सपाट कोरड्या रस्त्यावर पुढच्या ब्रेकने साधारण ०.५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या दराने वेग मारता येतो, मागच्याने त्याच्या निम्माच. ताशी ३६ किलोमीटरवरून थांबायला पहिल्या हिशेबाने १० मीटर लागतात, दुसऱ्याने २०. वेग ताशी ५४ असेल तर साडेबावीस आणि ४५ मीटर. उतारावर ही अंतरं आणखी वाढतात. शिवाय सगळी उष्णता एकाच रिममध्ये जाते.

माणूस उलटतो तो पुढचा ब्रेक एका झटक्यात आवळला आणि हात सैल असले तर. सीटवर मागे सरका, कोपर किंचित वाकवून हातांनी हँडलला टेका द्या, दोन्ही लिव्हर एकत्र घ्या आणि दाब वाढवत न्या. मागचं चाक घसरायला लागलं की पुढचा ब्रेक थोडा सैल करायची वेळ झाली. पहाटे एखाद्या मोकळ्या मैदानावर किंवा रिकाम्या रस्त्यावर हे हातात बसेपर्यंत करा, मग जोतिबाच्या रस्त्यावर, आणि त्यानंतरच मोठा घाट.

७. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला असायला हवा?

आपल्याकडच्या साध्या सायकलींवर आणि मोटरसायकलवर तो उजव्या हाताला असतो. बाहेरून आलेल्या कित्येक रोडबाइकवर डाव्या हाताला असतो. दोन्ही चालतं. उसनी किंवा सेकंडहँड सायकल घेऊन घाटात जाणार असाल तर निघण्यापूर्वी चाक फिरवून एकदा खात्री करा. घरी मोटरसायकल चालवणाऱ्यांना मी केबल बदलून पुढचा उजवीकडे घ्यायला सांगतो, कारण घाबरल्यावर हात सवयीनेच चालतो.

८. हूडवरून ब्रेक धरून मनगटं आणि बोटं आखडतात. काय करू?

हात ड्रॉपमध्ये, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर न्या. तिथून बोट लिव्हरच्या खालच्या टोकापर्यंत पोहोचतं, त्यामुळे कमी जोरात जास्त ब्रेक लागतो, आणि खड्ड्यात हात सुटायची भीतीही राहत नाही. बोटं पोहोचत नसतील तर बहुतेक लिव्हरना अंतर कमी करायचा स्क्रू असतो, तो फिरवून घ्या. लहान हातांच्या मुलींकडून आणि शाळकरी मुलांकडून ही तक्रार सारखी येते आणि पाच मिनिटांत सुटते. तेवढ्यासाठी कोणाचा घाट राहून जाऊ नये.

तरीही हात दुखतच असतील तर केबल तपासा (प्रश्न १७). गंजलेल्या केबलमध्ये तुमचा निम्मा जोर घर्षणातच जातो.

९. पावसात ब्रेक दाबला तर आधी काहीच होत नाही, मग एकदम लागतो. ब्रेक खराब आहे का?

बिघाड नाही, ओल्या रिमचा हाच स्वभाव आहे. पॅड आधी रिमवरचं पाणी पुसतो, मग पकडतो. ताशी ३६ च्या वेगात रोडबाइकचं चाक सेकंदाला जवळजवळ पाच फेरे घेतं. पाणी पुसण्यात दोन सेकंद गेले तरी २० मीटर रस्ता संपलेला असतो. गगनबावडा हा जिल्ह्यातला सर्वांत जास्त पावसाचा भाग आहे, तिथे जुलैत हा हिशेब दर वळणाला करावा लागतो.

यावर उपाय एकच: ब्रेक लागेल त्याच्या बरंच आधी दोन्ही लिव्हर हलके दाबून रिम पुसून घ्या. प्रश्न ४ मध्ये सतत ब्रेक घासू नका असं सांगितलं, ते कोरड्या रस्त्यासाठी. पावसात पाणी रिमला गार ठेवतं, म्हणून हलका ब्रेक जास्त वेळ चालतो, पण त्याने पॅड आणि रिम झपाट्याने झिजतात. पकड बसल्यावर ब्रेक अचानक जोरात लागतो, तेव्हा हाताचा दाब लगेच थोडा कमी करायची तयारी ठेवा, कारण टायरची पकडही कमी झालेली असते. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, शेवाळ धरलेली कडेची मोरी आणि डिझेलचे इंद्रधनुषी डाग यांवर ब्रेक टाळा.

धुकं आणि पाऊस दोन्ही असतील तर उतरू नका. गगनबावड्यात चहा घ्या आणि परत फिरा. पुढच्या रविवारीही घाट तिथेच असेल.

१०. कोणते पॅड घ्यावेत?

सायकलसोबत आलेले स्वस्त पॅड बहुतेक वेळा कडक असतात आणि घाटासाठी बदलण्यासारखे असतात. शिमानोचे आर५५सी४ ॲल्युमिनियम रिमसाठी चांगले आहेत. कूल-स्टॉपचे सॅल्मन रंगाचे पॅड पावसात भरवशाचे आणि रिमला सौम्य. स्विसस्टॉपचेही चांगले आहेत, पण महाग. सायकलवरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त जाणवणारा बदल हाच आहे. हलक्या चाकांवर हजारो रुपये घालण्याआधी हे करा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

जमलं तर असे होल्डर घ्या ज्यात फक्त रबराची पट्टी सरकवून बदलता येते. नवे पॅड लगेच पूर्ण पकडत नाहीत. गावात दोन-तीन दिवस चालवून, मधे मधे जोरात ब्रेक लावून ते बसवून घ्या.

११. पॅड बदलल्यावर उतारावर एक पॅड निसटून पडला! असं कसं होऊ शकतं?

होल्डर उलटा बसवला होता. सरकत्या पॅडच्या होल्डरचं एक टोक बंद आणि एक उघडं असतं. बंद टोक नेहमी सायकलच्या पुढच्या दिशेला हवं. ब्रेक लागताना फिरणारी रिम पॅडला पुढे ओढते. उघडं टोक पुढे असलं तर पॅडला अडवायला फक्त एक छोटा स्क्रू उरतो. म्हणूनच होल्डरवर डावा-उजवा अशा खुणा असतात. कोणीही पॅड बदलून दिले तरी घरी आल्यावर चारही होल्डर स्वतः बघा. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, कारण बघायला अर्धं मिनिट लागतं आणि चूक झाली तर जीव जाऊ शकतो.

१२. पन्हाळ्याहून येताना ब्रेकमधून खरखर आवाज येतो. लाल मातीमुळे का?

हो, बहुतेक तेच. घाटमाथ्यावरच्या जांभ्या मातीतले कडक कण ओल्या रिमला चिकटतात आणि पॅडमध्ये रुततात. मग ते रिम खरवडतात आणि सुटलेले ॲल्युमिनियमचे चमकदार कणही पॅडमध्येच जाऊन बसतात. त्या राइडनंतर चाकं काढा, पॅडच्या तोंडाकडे उजेडात बघा आणि चमकणारा प्रत्येक कण सुईने किंवा टोकदार पात्याने उचकटून काढा. पॅड चकचकीत झाला असेल तर पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा घासून वरचा थर काढा. रिम ओल्या फडक्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा साध्या स्पिरिटने पुसा. चेनला ऑईल मारताना रिमवर फडकं धरा. ऑईल किंवा स्प्रेचा एक थेंब रिमवर गेला तरी ब्रेक जातो.

पावसाळ्यात घाटावरून आल्यावर त्याच दिवशी एवढं केलं तर रिम कित्येक वर्षं जास्त टिकते.

१३. रिम किती झिजली की बदलायची? दुकानदार म्हणतो अजून चालेल.

बऱ्याच रिमवर झीज दाखवणारी खूण असते: एक बारीक खड्डा किंवा कडेने जाणारी खाच. ती दिसेनाशी झाली की रिम संपली. खूण नसेल तर कडेवर सरळ पट्टी उभी धरून बघा. पट्टीच्या मागून उजेड दिसला, म्हणजे भिंत आत खोल गेली आहे.

त्याहून नेमकं करायचं तर मोजा. कोल्हापुरात ही सोय इतर गावांपेक्षा जास्त आहे, उद्यमनगरात घरटी व्हर्नियर सापडेल. टायर काढून भिंतीची जाडी घ्या. रिमच्या ओठाला वरची कड असते, त्यामुळे व्हर्नियरचा जबडा झिजलेल्या भागापर्यंत पोहोचत नाही. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचे दोन लहान छर्रे किंवा तारेचे तुकडे धरून मोजा आणि त्यांची जाडी वजा करा. नव्या ॲल्युमिनियम रिमची भिंत साधारण दीड मिलीमीटर असते. ती एक मिलीमीटरखाली गेली की घाटात नेऊ नका. पातळ झालेली भिंत टायरच्या दाबाने बाहेर फाटते, आणि उतारावर दाब व उष्णता दोन्ही वाढलेली असतात.

ब्रेक लावताना लिव्हरमध्ये ठरावीक अंतराने धक्का जाणवत असेल, तर रिम एखाद्या जागी फुगली आहे किंवा खड्ड्यात चेपली आहे. नुसता आउट (चाक डावी-उजवीकडे डुलणं) असेल तर काढून मिळतो. फुगवटा असेल तर रिम बदला.

१४. उतारावर उष्णतेने ट्यूब फुटते म्हणतात. मग हवा कमी भरू का?

आधी आकडा बघू. ३० अंशांवर १०० पीएसआय भरलेली हवा पूर्णपणे ९० अंशांपर्यंत तापली, तर दाब साधारण १२३ पीएसआय होतो. प्रत्यक्षात टायरमधली सगळी हवा रिमएवढी तापत नाही. चांगला टायर, नीट बसलेला असेल तर एवढं सहज सोसतो. म्हणजे नुसत्या दाबाने ट्यूब फुटत नाही, एखादी कमकुवत जागा असावी लागते.

ती बहुतेक वेळा रिमटेपमध्ये, म्हणजे रिमच्या आतून स्पोकची भोकं झाकणाऱ्या पट्टीत असते. स्वस्त रबरी किंवा प्लॅस्टिकची टेप तापून मऊ पडते आणि ट्यूब तिला स्पोकच्या भोकात ढकलते. घाट उतरणाऱ्या चाकाला जाड कापडी टेप लावा. दुसरी जागा पंक्चरचा ताजा पॅच, कारण त्याचं सोल्युशन उष्णतेने सैल होतं. लांब घाटाच्या दिवशी बिनपंक्चरची ट्यूब टाका आणि पॅचवाली सोबत ठेवा. तिसरी, टायरची कड रिमच्या बाहेर राहिलेली जागा.

हवा तुमच्या वजनाला आणि टायरच्या रुंदीला योग्य तेवढीच भरा. २८ मिलीमीटरच्या टायरला १०० पीएसआयची गरजच नसते. पण घाटासाठी मुद्दाम फार कमी ठेवलीत तर खड्ड्यात रिम आपटेल. रुंद टायर घेताना कॅलिपरमध्ये तो मावतो का, हे आधी बघा. जुन्या कॅलिपरमध्ये २५ च्या पुढे जागा नसते.

१५. कार्बन रिमवर घाट उतरू शकतो का?

रिम कोणती आणि तुम्ही कसे उतरता, यावर आहे. ॲल्युमिनियम उष्णता लगेच पसरवतं. कार्बन पसरवत नाही, ती ब्रेक घासतो त्याच पट्टीत साठते. कार्बनचे धागे एकत्र धरणारं रेझिन ठरावीक तापमानापुढे मऊ पडतं. साध्या क्लिंचर रिममध्ये (जिच्या भिंतींत टायरची कड अडकते) त्याच भिंतीला आतून टायरचा दाब बाहेर ढकलत असतो. मग भिंत फुगते आणि कधी सुटतेही. ट्यूब्युलर रिमच्या (जिच्यावर टायर चिकटवतात) भिंतीवर असा ताण नसतो, पण तिथे टायर धरून ठेवणारा गोंद मऊ पडायचा प्रश्न येतो.

म्हणून नियम कडक आहेत. रिमच्या कंपनीने सांगितलेलेच पॅड वापरा. ॲल्युमिनियमवर वापरलेले पॅड कार्बनवर कधीही लावू नका, त्यात अडकलेले धातूचे कण कार्बन कापतात. लॅटेक्स ट्यूब टाकू नका. सतत ब्रेक घासणं इथे सर्वांत धोक्याचं आहे. कार्बनवर ओल्यात ब्रेक आणखी उशिरा लागतो. नाव-गाव नसलेली स्वस्त कार्बन क्लिंचर असेल, वजन ८० च्या पुढे असेल किंवा पाऊस असेल, तर माझं उत्तर स्पष्ट “नको” असं आहे. ती चाकं हायवेवर मिरवा, घाटासाठी ॲल्युमिनियमची जोडी ठेवा.

१६. माझं वजन ९८ किलो आहे, शिवाय मागे पॅनिअर (सामानाच्या पिशव्या). काही वेगळं करावं लागेल?

वजन वाढलं की उष्णता वाढते. सायकल आणि सामान धरून तुमचे १२० किलो होत असतील, तर प्रश्न ४ मधल्या उतारावर ताशी ३० टिकवताना २६५ ऐवजी ४२० वॅटच्या आसपास उष्णता ब्रेकला पचवावी लागेल. वजन दीडपटही वाढलं नाही, पण ब्रेकवरचा भार जवळजवळ १.६ पट झाला, कारण हवा तेवढीच मदत करते. म्हणून तुम्ही मधे थांबायलाच हवं. दर दोन-तीन किलोमीटरवर, रस्त्यापासून पूर्ण बाजूला, वळण सोडून. रिमला बोट लावून बघू नका, भाजतं. पॅडचा जळका वास आला किंवा लिव्हर नेहमीपेक्षा हँडलजवळ यायला लागला, तर लगेच थांबा. पाच-दहा मिनिटांच्या वाऱ्यात ॲल्युमिनियम रिम पुरेशी गार होते. तिच्यावर पाणी ओतायची गरज नाही, ते पिण्यासाठी ठेवा. कार्बनवर तर मुळीच ओतू नका.

जड सामान शक्य तितकं खाली आणि थोडं पुढच्या चाकावरही ठेवा.

१७. ब्रेकची केबल नव्हती, म्हणून मेकॅनिकने गिअरची टाकली. चालेल का?

नाही. गिअरची आतली तार बारीक असते, साधारण १.२ मिलीमीटर. ब्रेकची दीडच्या पुढे. टोकाची गुंडीही वेगळी असते. त्याहून धोक्याचं म्हणजे गिअरची बाहेरची नळी. तिच्यात तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, आणि जोरात ब्रेक दाबला की ती फाटू शकते. ब्रेकच्या नळीत तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, म्हणून ती तो जोर सोसते. केबल ही स्वस्त वस्तू आहे. पावसाळा संपला की दोन्ही बदलून टाका.

घाटाआधी कॅलिपरवरची छोटी क्विक रिलीजची कळ बंद आहे ना, तेही बघा. चाक काढून बसवल्यावर ती उघडी राहणं ही फार सर्रास होणारी चूक आहे.

१८. ब्रेक लावला की चीं-चीं वाजतो. धोक्याचं आहे का?

नाही, पण कारण काढा. आधी प्रश्न १२ प्रमाणे सफाई करा. तरी वाजला तर पॅडचं पुढचं टोक रिमला मागच्यापेक्षा किंचित आधी लागेल असं बसवा. मागच्या टोकाखाली पोस्टकार्डाचा तुकडा ठेवून बोल्ट आवळला की बसतं. पॅड टायरला लागत नाही ना, हे त्याच वेळी बघून घ्या. टायरला घासणारा पॅड एका लांब उतारात टायरची भिंत कापू शकतो.

१९. एप्रिल-मेच्या दुपारी उतरताना वेगळी काळजी?

दुपारी उतरूच नका, सकाळी उतरा. रिमला गार व्हायला हवा थंड हवी, आणि उन्हात डांबर मऊ होतं. २००३ च्या टूर दे फ्रान्समध्ये गापकडे उतरताना होसेबा बेलोकी वितळलेल्या डांबरावरच घसरला. मागचं चाक अडकलं, टायर रिमवरून निघाला आणि त्याची मांडी मोडली. तो त्या वेळी जगातल्या सर्वोत्तम रायडरांपैकी एक होता. काळं चकाकणारं डांबर दिसलं की ब्रेक त्याच्या आधी लावून संपवा. उसाच्या हंगामात हीच काळजी रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या कांड्या आणि पाचटाबद्दल घ्या.

२०. घाटात मधेच एका ब्रेकची केबल तुटली तर?

थांबा आणि उतरून चाला. एका ब्रेकवर उरलेला घाट उतरायचा मोह होतो, विशेषतः “आता थोडाच राहिला” असं वाटतं तेव्हा. एकटा मागचा उरला असेल तर थांबायचं अंतर दुप्पट होतं. एकटा पुढचा उरला असेल तर ओल्या वळणात चाक घसरलं की सावरायला काहीच उरत नाही. दोन्ही वेळी सगळी उष्णता एका रिममध्ये जाते. डाव्या कडेने सायकल हातात धरून चाला, मागचा लाल दिवा चालू ठेवा. एसटी किंवा मोकळा टेंपो थांबवा. कोकणात जाणारे टेंपोवाले सायकल सहसा टाकून घेतात.

केबल बहुतेक वेळा लिव्हरच्या आत, गुंडीच्या अगदी जवळ तुटते, आणि त्याआधी तिथले एकेक धागे सुटत जातात. लिव्हर पूर्ण दाबून, रबरी हूड मागे सरकवून टॉर्चने आत बघितलं की ते दिसतात. एक धागा जरी उभा राहिलेला दिसला तरी केबल बदला. आणि घाटाला निघताना ब्रेकची एक आतली तार गुंडाळून सीटखालच्या पिशवीत टाका, सोबत ५ मिलीमीटरचा ॲलन की. मागच्या चाकासाठीची लांब तार घ्या, ती पुढच्यालाही चालते. उरलेलं टोक गोल गुंडाळून चाकात जाणार नाही असं बांधायचं.